स्वस्तातली फर्नेस कितपत भरवशाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि कॅनडातल्या घरांत गॅसवर चालणारी आणि डक्टमधून घरभर गरम हवा फिरवणारी जी फर्नेस असते, तिच्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. बॉयलर आणि हीट पंप इथे धरलेले नाहीत.

स्वस्त ब्रँडची फर्नेस लवकर बिघडते, हे खरं आहे का?

सरसकट खरं नाही. ज्या ब्रँडच्या नावाने सगळे बोटं मोडतात, त्याच्या तक्रारी शांतपणे वाचा. बऱ्याच तक्रारींचं मूळ यंत्र कसं बसवलं यात सापडतं. नीट बसवलेली आणि वेळेवर फिल्टर बदललेली फर्नेस स्वस्त असली तरी १५ ते २० वर्षं काढते. उलट चुकीच्या मापाची महाग फर्नेस अरुंद डक्टला जोडली, तर चार-पाच हिवाळ्यांतच कुरकुरायला लागते.

फरक असतो, नाही असं नाही. पण तो एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांमध्येसुद्धा असतो. त्यामुळे ‘अमुक ब्रँड कसा आहे?’ हा प्रश्न फार मोघम आहे. कोणतं मॉडेल, कोण बसवणार आणि कोणत्या घरात, हे त्याला जोडलं की उत्तराला काही अर्थ येतो.

मग पैसे वाचवतात ते नेमके कुठे?

बहुतेक वेळा पेटीच्या पत्र्यात, आतल्या इन्सुलेशनमध्ये, आवाज दाबण्याच्या सोयींत, कंट्रोल बोर्डावरच्या निदानाच्या सुविधांत आणि जाहिरातीत. डीलरच्या जाळ्यावरचा खर्चही कमी असतो. महाग ब्रँड ठरावीक डीलर निवडतात, त्यांना प्रशिक्षण देतात आणि तो खर्च किमतीत धरतात. स्वस्त ब्रँड घाऊक दुकानातून जवळपास कुठल्याही परवानाधारकाला मिळतो. त्याचा फायदा किमतीत दिसतो. तोटा कुठे दिसतो, ते पुढे येईलच.

या ब्रँडमागे खरी कंपनी कोणती, हे कसं शोधायचं?

संशोधनाचा पहिला तास यालाच द्यावा, असं माझं मत आहे. दुकानात डझनावारी नावं दिसतात, पण ती बनवणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

गुडमन १९७५ साली टेक्सासमध्ये सुरू झाली आणि २०१२ साली जपानच्या डायकिनने ती विकत घेतली. अमाना नावाच्या फर्नेसही याच घरातल्या. यातला घोळ मजेशीर आहे. गुडमनने १९९७ साली अमाना घेतली, पण २००१ साली तिचा घरगुती उपकरणांचा धंदा मेटॅगला विकला, आणि पुढे मेटॅग व्हर्लपूलकडे गेली. त्यामुळे अमानाचं वॉशिंग मशीन आणि अमानाची फर्नेस यांचा आज एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ‘आमच्याकडे अमानाचं मशीन वीस वर्षं चाललं’ ही शिफारस फर्नेस घेताना बिनकामाची आहे.

कॅरिअरच्या घरात ब्रायंट आणि पेन ही नावं येतात. शिवाय हाइल, टेम्पस्टार, कम्फर्टमेकर, कीपराइट अशी नावं चालवणारी इंटरनॅशनल कम्फर्ट प्रॉडक्ट्स ही कंपनीही १९९९ पासून कॅरिअरकडेच आहे. लेनॉक्सच्या छत्राखाली आर्मस्ट्राँग एअर, एअरईझ आणि ड्युकेन येतात. ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड ही भावंडं, आणि रनट्रू हे ट्रेनचं स्वस्तातलं नाव. रीम आणि रूड यांच्यात फरक शोधायला भिंग लागेल; रीमची मालकी १९८८ पासून जपानच्या पालोमाकडे आहे.

यातून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे, ज्या नावाबद्दल कुठेच माहिती मिळत नाही, त्याच्या भावंडाबद्दल भरपूर मिळते. दुसरी म्हणजे, पुढे लागणारा सुटा भाग कोणाच्या गोदामात असेल, हे आधीच कळतं. मात्र घराणं एक म्हणून यंत्रं हुबेहूब सारखी असं धरून चालू नका. कधी दोन ब्रँडमध्ये फक्त शिक्का वेगळा असतो, कधी बोर्ड, ब्लोअर (डक्टमध्ये हवा ढकलणारा पंखा) आणि वॉरंटीही वेगळी असते. दोन्ही मॉडेलांच्या सुट्या भागांच्या याद्या शेजारी ठेवा. हीट एक्सचेंजर (ज्वालेची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग), गॅस व्हॉल्व्ह आणि बोर्ड यांचे भाग क्रमांक जुळले, तर मधल्या फरकाचे पैसे कशाचे, हे डीलरला खुशाल विचारा.

आणखी एक सावधगिरी. फ्रीज किंवा टीव्हीमुळे घराघरात पोहोचलेलं एखादं नाव फर्नेसवर दिसतं, तेव्हा ते बऱ्याचदा परवान्यावर घेतलेलं असतं. मूळ कंपनीने त्या फर्नेसला हातही लावलेला नसतो.

आतले भाग सगळ्यांचे सारखेच असतात का?

बरेचसे हो. गॅस व्हॉल्व्ह, धूर नीट बाहेर जातोय का हे बघणारा प्रेशर स्विच, गॅस पेटवणारा इग्नायटर, ब्लोअरची मोटर हे भाग फर्नेस कंपन्या सहसा स्वतः बनवत नाहीत. मोजक्या पुरवठादारांकडून घेतात. हनीवेल किंवा व्हाइट-रॉजर्सचा व्हॉल्व्ह स्वस्त पेटीतही सापडतो आणि महागातही. कंपनीची स्वतःची कारागिरी दिसते ती हीट एक्सचेंजरमध्ये, बर्नरच्या रचनेत, बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये आणि कारखान्यातल्या तपासणीत. म्हणून ब्रँड तोलताना या चार गोष्टींच्या तक्रारी वेगळ्या काढून वाचा. इग्नायटर गेल्याच्या तक्रारीने ब्रँडबद्दल फारसं काही कळत नाही. एकाच मॉडेलचे हीट एक्सचेंजर सातव्या-आठव्या वर्षी तडकत असतील, तर मात्र ती धोक्याची घंटा आहे.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचून काही कळतं का?

कळतं, पण ताऱ्यांची सरासरी बघून नाही.

पहिली अडचण संख्येची. जो ब्रँड सर्वात जास्त खपतो, त्याच्या तक्रारीही सर्वात जास्त असणार. किती यंत्रांमागे किती तक्रारी, हा आकडा रिव्ह्यूंत कधीच नसतो. दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. फर्नेस बारा वर्षं बिनबोभाट चालली म्हणून कोणी लिहायला बसत नाही. कडाक्याच्या थंडीत रात्री बंद पडली की मात्र सकाळपर्यंत चार परिच्छेद तयार असतात. उलट बाजूला, बसवल्याच्या आठवड्यात दिलेले पाच तारे असतात. ते कामगार वेळेवर आले आणि जाताना झाडून गेले याचे असतात. यंत्राबद्दल त्यांतून काहीच कळत नाही.

तिसरी अडचण सर्वात मोठी, आणि ती क्वचितच कोणी लक्षात घेतं. स्वस्त ब्रँड कोण बसवतं? सगळ्यात कमी बोली लावणारा कॉन्ट्रॅक्टर, घाईत घरं उभी करणारा बिल्डर, आणि स्वतःच बसवू पाहणारा हौशी मालक. चांगले कारागीरही तो बसवतात, पण वाईट कारागिरांना महाग ब्रँडची दारं बहुधा बंदच असतात. म्हणजे वाईट कामाचा मोठा वाटा आपोआप स्वस्त ब्रँडच्या पदरी पडतो आणि खापरही त्याच्याच माथी फुटतं.

म्हणून रिव्ह्यू वाचताना तीन गोष्टी शोधा: यंत्राचं वय, कोणता भाग गेला, आणि मेकॅनिकने कारण काय सांगितलं. या तिन्ही नसतील तर पुढे सरका. कंझ्युमर रिपोर्ट्ससारख्या संस्था आपल्या सभासदांना विचारून ब्रँडनिहाय अंदाज देतात. तो एकेकट्या रिव्ह्यूपेक्षा बरा, कारण त्यात न बिघडलेल्या यंत्रांचे मालकही मोजले जातात. पण फर्नेस कशी बसवली होती, हे त्यातही कळत नाही.

महाग ब्रँड घेतला की निर्धास्त राहता येतं का?

नाही. कॅरिअरच्या काही जुन्या कंडेन्सिंग, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून जास्त उष्णता काढणाऱ्या फर्नेसमध्ये दुय्यम हीट एक्सचेंजर पॉलिप्रॉपिलीनचा थर चढवलेल्या पोलादाचा होता. तो अकाली निकामी होतो, असा दावा करत ग्राहक कोर्टात गेले आणि २००८ साली सामूहिक खटल्यात तडजोड झाली. त्या तडजोडीत महाग कॅरिअर होती, मधली ब्रायंट होती आणि स्वस्तातली पेनही होती. रचना एकच, म्हणून दोषही एकच.

‘आजीवन वॉरंटी’ हा दर्जाचा पुरावा मानावा का?

फार तर अर्धा. आजीवन किंवा २० वर्षांची जी वॉरंटी ठळक अक्षरांत छापतात, ती सहसा हीट एक्सचेंजरपुरती असते. बाकीच्या भागांना बहुधा ५ वर्षं, आणि मुदतीत नोंदणी केली तर १०. नोंदणीची मुदत काही कंपन्यांत बसवल्यापासून ६० दिवस असते, काहींत ९०. कॅलिफोर्निया आणि क्वेबेकमध्ये नोंदणीची अट साधारणपणे लागू होत नाही. बाकी ठिकाणी नोंदणी राहिली तर अर्धी वॉरंटी तिथेच बुडते. कॉन्ट्रॅक्टर ‘मी करून देतो’ म्हणाला तरी नोंदणीचा कागद स्वतः मागून घ्या.

खरी गोम मजुरीत आहे. कंपनी नवा हीट एक्सचेंजर फुकट देते, पण तो बदलायला जवळजवळ अख्खी फर्नेस सोडवावी लागते आणि ते तास तुमच्या खिशातून जातात. म्हणून काही कंपन्या ठरावीक वर्षांत हीट एक्सचेंजर गेला तर पूर्ण यंत्रच बदलून देण्याची हमी देतात. कंपनीला स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे, हे ‘आजीवन’ या शब्दापेक्षा अशा कलमावरून जास्त कळतं. यात मजुरी कोणी भरायची, हेही तिथेच वाचून घ्या.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचं जीवन, हाही प्रश्न आहेच. बहुतेक वॉरंटींत ते पहिल्या मालकाच्या त्या घरातल्या वास्तव्यापुरतं असतं. घर विकलं की मुदत आखडते किंवा संपते.

९६ टक्के कार्यक्षमता म्हणजे जास्त भरवशाची का?

नाही. एएफयूई हा कार्यक्षमतेचा आकडा वर्षभरात जळलेल्या इंधनातली किती उष्णता घरात आली, एवढंच सांगतो. ८० टक्क्यांच्या फर्नेसची रचना साधी असते आणि धूर धातूच्या नळीने गरमच वर जातो. ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसमध्ये दुसरा हीट एक्सचेंजर येतो. तो धूर इतका थंड करतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. हे पाणी आम्लधर्मी असतं. त्याला निचरा लागतो, निचऱ्याच्या नळीत पाण्याचा सापळा (ट्रॅप) लागतो, आणि प्लॅस्टिकच्या धुराड्याला फर्नेसच्या दिशेने उतार लागतो. एवढी ठिकाणं वाढली की बिघाडाच्या जागाही वाढतात. निचरा तुंबून प्रेशर स्विच अडकणं हा कंडेन्सिंग फर्नेसचा नेहमीचा आजार आहे, मग ब्रँड कोणताही असो.

तरीही थंड प्रदेशात ती घेण्याला फारसा पर्याय उरलेला नाही. कॅनडात घरगुती गॅस फर्नेसना ३ जुलै २०१९ पासून किमान ९५ टक्क्यांची अट आहे.

एका टप्प्याची फर्नेस बरी की मॉड्युलेटिंग?

टिकाऊपणा हाच निकष असेल आणि ब्रँड स्वस्तातला असेल, तर एका किंवा दोन टप्प्यांची, म्हणजे आचेच्या एक-दोन ठरावीक पातळ्यांची घ्या. मॉड्युलेटिंग फर्नेस आच गरजेप्रमाणे कमी-जास्त करून घर छान एकसारखं उबदार ठेवते, पण तिचा व्हॉल्व्ह, बोर्ड आणि मोटर हे त्या मॉडेलसाठीच बनवलेले महागडे भाग असतात. मेकॅनिकच्या गाडीत ते सहसा नसतात. साध्या फर्नेसचे बरेच भाग गाडीतच असतात आणि काम त्याच दिवशी होतं. एक मात्र खरं, पूर्वीइतकं साधं आता काही राहिलेलं नाही. अमेरिकेत ३ जुलै २०१९ पासून पंख्याच्या वीजवापराचा नियम आला. तेव्हापासून स्वस्त मॉडेलांतही इलेक्ट्रॉनिक मोटर येते, आणि ती जुन्या मोटरपेक्षा महाग पडते.

‘ब्रँडपेक्षा बसवणारा महत्त्वाचा’ असं सगळेच म्हणतात. म्हणजे नक्की काय तपासायचं?

हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की वाईट कॉन्ट्रॅक्टरही तेच म्हणतो. म्हणून त्याला मोजमापांवर आणा.

सुरुवात मापापासून. जुन्या फर्नेसच्या पाटीवर १,००,००० बीटीयू (उष्णतेचं माप) लिहिलंय म्हणून नवीही तेवढीच, हा आळस फार महागात पडतो. घराचं क्षेत्रफळ, इन्सुलेशन, खिडक्या आणि तिथली थंडी धरून उष्णतेची गरज काढायची एक ठरलेली पद्धत आहे. मॅन्युअल जे म्हणतात तिला. तसा हिशेब केला तर कित्येक घरांना निम्मीच पुरते असं दिसतं. मोठी फर्नेस घर झटकन तापवते, बंद पडते, परत पेटते. दर वेळी इग्नायटर तापतो, रिले वाजतो, हीट एक्सचेंजर फुगतो आणि आकसतो. २० वर्षांचे फेरे असे दहा वर्षांतच संपतात. मग लोक म्हणतात, ब्रँड टुकार.

त्यानंतर हवा. बहुतेक घरगुती फर्नेस डक्टमधला दाब ०.५ इंच पाण्याच्या आसपास धरून बनवलेल्या असतात. डक्ट अरुंद, परतीच्या जाळ्या कमी, आणि त्यात एक इंची, घट्ट विणीचा मर्व्ह १३ फिल्टर (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो याचा आकडा), की हा दाब सहज ओलांडला जातो. हवा पुरेशी वाहत नाही, हीट एक्सचेंजर गरजेपेक्षा जास्त तापतो आणि लिमिट स्विच पुनःपुन्हा यंत्र बंद करतो. हे जोखायचं साधन फर्नेसच्या पाटीवरच छापलेलं असतं: आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात किती फरक हवा. उदाहरणार्थ, ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट. कामगार जाण्याआधी दोन्ही ठिकाणी थर्मामीटर लावून आकडा दाखवायला सांगा.

गॅसचा दाबही मोजलेला हवा. नैसर्गिक गॅससाठी मॅनिफोल्डवर (बर्नरना गॅस वाटणाऱ्या नळीवर) साधारण ३.५ इंच पाणी आणि प्रोपेनसाठी १० इंच, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. हे सगळे आकडे आणि धुराच्या तपासणीचे आकडे एका कागदावर लिहून देणारा कॉन्ट्रॅक्टर मिळाला, तर ब्रँड त्यालाच निवडू द्या. ‘आम्ही तीस वर्षं यात आहोत, मोजायची गरज पडत नाही’ असं म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘तो ब्रँड मी लावत नाही.’ याचा अर्थ काय घ्यावा?

कारण विचारा. ‘त्यांच्या अमुक मॉडेलचे इन्ड्युसर (धूर बाहेर ओढणारे पंखे) आम्हाला सारखे बदलावे लागले’ हे ऐकण्यासारखं आहे. ‘भंगार आहे’ एवढंच उत्तर आलं, तर त्याचा दुसऱ्या कंपनीशी डीलरचा करार असण्याची शक्यता धरा. खरं उत्तर हवं असेल तर विक्री करणाऱ्याऐवजी दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला विचारा: तुझ्या गाडीत कोणत्या ब्रँडचे कोणते भाग कायम असतात?

वर्षाआड एकच भाग जातोय. ब्रँड वाईट समजायचा का?

आधी भाग बघा. फ्लेम सेन्सरवर काजळी धरते आणि ज्वाला असूनही बोर्डाला ती ‘दिसत’ नाही. हलक्या हाताने घासून पुसलं की काम होतं. सिलिकॉन कार्बाइडचा इग्नायटर मुळातच ठिसूळ असतो. शक्य असेल तिथे सिलिकॉन नायट्राइडचा लावून घ्या. प्रेशर स्विच वारंवार बदलला जात असेल, तर बहुतेक वेळा स्विच बिचारा बरोबरच सांगत असतो आणि दोष तुंबलेल्या निचऱ्यात किंवा धुराड्यात असतो. बोर्ड दोनदा जळला तर त्यावर पाणी ठिबकतंय का, अर्थिंग नीट आहे का, हे बघा. एवढं करूनही तोच भाग गेला, आणि त्याच मॉडेलच्या इतर मालकांचीही तीच रड असेल, तर ब्रँडला दोष द्या.

घेत असलेल्या घरात आधीपासूनच स्वस्त ब्रँडची फर्नेस आहे. काय बघू?

वय. ते अनुक्रमांकात दडलेलं असतं. गुडमनमध्ये पहिले चार आकडे वर्ष आणि महिना असतात, म्हणजे १७०६ असेल तर जून २०१७. कॅरिअरच्या घराण्यात आधी आठवडा आणि मग वर्ष. घर विकणारा ‘दोन-तीन वर्षांपूर्वीच बदलली’ म्हणाला तरी पाटी खोटं बोलत नाही. मग दुरुस्तीच्या पावत्या मागा, फिल्टर काढून त्याची अवस्था बघा आणि पेटीच्या तळाशी गंजाचे ओघळ आहेत का ते पाहा. दहा वर्षांपुढची असेल तर हीट एक्सचेंजरची तपासणी स्वतंत्र माणसाकडून करून घ्या.

रिकॉल झालंय का, हे कुठे कळतं?

अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या यादीत मॉडेल क्रमांक टाकून बघा. कॅनडात हेल्थ कॅनडाची यादी आहे. ब्रँडच्या नावावर थांबू नका, बनवणाऱ्याचं नावही शोधा. कन्सॉलिडेटेड इंडस्ट्रीजने १९८३ ते १९९४ या काळात बनवलेल्या आडव्या फर्नेस कॅलिफोर्नियात बहुधा घरांच्या माळ्यांवर बसल्या होत्या. बर्नरच्या वरच्या पोलादी सळ्यांमुळे त्यांच्यात आगीचा धोका निघाला. आयोगाने २००० साली अशा सुमारे १,९०,००० फर्नेसबद्दल इशारा दिला, तेव्हा कंपनीचं दिवाळं आधीच निघालेलं होतं. त्या फर्नेस अनेक वेगवेगळ्या ब्रँडनावांनी विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे घरमालकाला आपल्या माळ्यावर कोणाचं यंत्र आहे हेच ठाऊक नव्हतं.

ऑनलाइन मागवून ओळखीच्या माणसाकडून बसवली तर?

अनेक वॉरंटींत परवानाधारकाने बसवण्याची अट असते, आणि इंटरनेटवरून घेतलेल्या यंत्रांना काही कंपन्या वॉरंटी नाकारतात. स्थानिक परवाना आणि तपासणीही चुकते. हे टाळाच.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका स्वस्त फर्नेसमध्ये जास्त असतो का?

सुरक्षेची मानकं सगळ्यांना सारखीच लागू असतात. ज्वाला बाहेर आली तर बंद करणारा स्विच, लिमिट स्विच आणि प्रेशर स्विच स्वस्त यंत्रातही असतातच. धोका वाढतो तो तडकलेला हीट एक्सचेंजर, निखळलेलं धुराडं किंवा चुकीचा गॅसदाब यांमुळे. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म लावा, आणि त्यावर छापलेली मुदत संपली की अख्खा अलार्म बदला. नुसती बॅटरी बदलून भागत नाही, कारण आतला सेन्सरच संपलेला असतो.